मातीच्या भिंतीला सिमेंट फासू नका, आणि या इतर चुकाही टाळा

मातीच्या जुन्या घराची डागडुजी काढली की अंगणात सगळ्यात आधी सिमेंटची गोणी उतरते. कोकणात हे इतक्यांदा पाहिलंय की ‘बाहेरून जरा गिलावा मारून घेऊ’ एवढं ऐकलं तरी पोटात गोळा येतो.

संगमेश्वरकडच्या एका घरात गणपतीआधी भिंती गुळगुळीत दिसाव्यात म्हणून मालकांनी कोंबडीजाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करून घेतला. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. ठोकून पाहिलं तर आवाज पोकळ. गिलावा उतरवला, तेव्हा आतल्या मातीचा शिरा झाला होता. मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बुजते, ओल आत साचते, माती विरघळू लागते. तिथे भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली, मग मातीचा थर आणि वर चुना दिला. मालकांना घाई होती, पण ओल्या भिंतीवर मी थापी लावत नाही.

चुन्यातही घाईच नडते. नवशिके व्हिडिओ पाहून आज भिजवलेला चुना उद्या भिंतीवर चढवतात. न विरलेले खडे मग गिलाव्यात फुलतात आणि जागोजागी फोड येतात. मी कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेला कोरडा चुना, पावसाळ्याआधी भिजवतो आणि दिवाळीनंतर काढतो. भिजवताना चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी उडते, डोळ्यांवर चष्मा हवाच. घोटताना गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा दगड होतो, त्याला महिने लागतात. तोवर सुरुवातीचे दिवस ओलं गोणपाट लावून उन्हापासून जपायचं. इतका धीर नसेल तर चुन्याच्या वाटेला जाऊ नये.

चुन्यावर प्लास्टिक इमल्शन लावू नका, भिंत पुन्हा कोंडते. पातळ चुन्याचे दोन-तीन हात पुरतात.

खाडीची वाळू वापरली तर तिच्यातल्या मिठाने भिंतीवर पांढरा खार फुटतो.

नुसत्या मातीला भेगा पडतात, तंतू घालाच. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले आहेत. आपल्याला बारीक चिरलेला भाताचा पेंढा चालतो, पण मातीत कालवून काही दिवस कुजू द्यायचा.

पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडत असतील तर आधी छपराची कड भिंतीच्या पुढे वाढवून घ्या, गिलाव्याचं नंतर बघू.