घर, नोकरी, चर्च: आईने कामं वाटून द्यायची कशी

बायबलच्या नीतिसूत्रे 31 मधली सद्गुणी स्त्री मदर्स डेला नाहीतर लग्नाच्या उपदेशात हमखास येते, आणि ऐकताना वाटतं की पहाटे उठा, सूत काता, शेत विकत घ्या, हे सगळं ही बाई एकटी करते कसं. पण 15 वं वचन नीट वाचा, ती अंधारात उठून घरच्यांना खायला देते आणि दासींना त्यांचं काम नेमून देते. म्हणजे तिच्या हाताखाली माणसं होती! आपल्याकडे दासी नाहीत, पण नवरा आहे, मुलं आहेत, सासूबाई आहेत, भांड्याला येणाऱ्या मावशी आहेत. नेमून देणं तेवढं आपण करत नाही.

पहिलं काम, आठवडाभर मोबाइलमध्ये लिहित जा की तुम्ही काय काय करता. फक्त हाताने केलेलं नाही हं, डोक्यात चालू असतं ते पण, म्हणजे गॅस कधी संपेल, संडे स्कूलचं पाठांतर कुणाचं राहिलंय, शाळेतली पालकसभा (पीटीएम) कधी आहे, दूधवाल्याचे पैसे. खरा थकवा ह्या आठवण ठेवण्याचाच असतो.

मग ती यादी घेऊन बायबलमधलं निर्गम 18 उघडा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय, लोक ताटकळत उभे, आणि सासरा इथ्रो येऊन सरळ सांगतो की हे बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. उपाय काय सांगतो तर हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर विश्वासू माणसं नेम, लहानसहान ते बघतील, अवघड तेवढं तुझ्याकडे येईल. तुमच्या यादीतही अवघड तेवढ्यावर खूण करा, वयात येणाऱ्या मुलीशी बोलणं, आईबाबांची औषधं डॉक्टरांना विचारून ठरवणं वगैरे. बाकीचं दुसऱ्याला जमू शकतं.

आता देताना एक गोष्ट पाळा, काम अख्खं द्यायचं. "जरा भाजी आण ना" हे काम दिलं नाही, हे फक्त पाय मागितले, कुठली भाजी, किती, संपली कधी हे तुमच्याच डोक्यात राहिलं. त्यापेक्षा नवऱ्याला सांगा की भाजी तुमच्याकडे, फ्रिज बघायचा, ठरवायचं, आणायची. तो तीनदा फ्लॉवरच आणेल, आणू दे, खा. मुलांना मात्र एकदा शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. दहा-अकरा वर्षांच्या पोराला भात लावायचा असेल तर तांदूळ दोनदा धुवायचे, वर बोटाचं एक पेर पाणी, मीठ, झाकण, आणि कुकर गॅसवर चढवायला मोठं माणूस. पहिले काही दिवस भात गिचका होईल, तरी हात घालू नका, कारण तुम्ही एकदा "राहू दे, मी करते" म्हणालात की ते काम कायमचं परत तुमच्याकडे.

शनिवारची संध्याकाळ वाटून घेतलीत तर रविवार खूप सुटसुटीत जातो. कपड्यांना इस्त्री एकाने, बायबल, गाण्याची पुस्तकं आणि दानाचं पाकीट दाराजवळच्या पिशवीत ठेवणं धाकट्याने, चिकनला मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवणं तिसऱ्याने, म्हणजे उपासनेहून आल्यावर आई चर्चच्या साडीतच ओट्याशी उभी असं होत नाही. नाताळात पण तेच, करंज्या एकटीने दुपारभर लाटण्यापेक्षा दोन जावा, शेजारीण, मुलं सगळ्यांना एका संध्याकाळी बसवा, आणि केकचं मिश्रण घरी करून भाजायला बेकरीत द्या, चव घरचीच राहते.

चर्चमधल्या कामाबद्दल मला मनापासून सांगायचंय. भगिनी मंडळ, कॅरल पार्टीचं जेवण, कॉटेज मीटिंग (घरोघरी होणारी प्रार्थना सभा), सगळ्याला हो म्हणणारी बाई जास्त भक्तिमान असं अजिबात नाही. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांच्या जेवणाची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ते काम स्वतः ओढून घेतलं नाही, सात जणांना नेमलं. आणि मार्क 1 मध्ये प्रभू येशू पहाटे एकांतात प्रार्थना करतोय, शिष्य शोधत येतात, सगळे तुझा शोध करताहेत म्हणतात, तर तो म्हणतो चला आपण दुसऱ्या गावी जाऊ. लोक वाट बघत होते तरीसुद्धा. तेव्हा पाळकबाईंना "ह्या वर्षी मी फक्त संडे स्कूल घेईन, जेवणाचं दुसऱ्या कुणाला द्या" असं प्रेमाने पण स्पष्ट सांगायला काहीच हरकत नाही, आणि आयत्या वेळी न सांगता ऑक्टोबरातच सांगा म्हणजे त्यांनाही दुसरं माणूस बघता येतं.

स्वतःच्या प्रार्थनेची वेळ पहाटेचीच हवी असं नाही, तान्हं बाळ असेल तर नकोच. बसमध्ये, डबा भरून झाल्यावर, जी दहा मिनिटं रोज मिळतील ती घरात सगळ्यांना सांगून ठेवा, तेवढ्या वेळात आईला हाक मारायची नाही, काही लागलं तर बाबांना.

सगळं एकदम वाटायला जाऊ नका, घर गोंधळतं आणि चिडचिड होते. ह्या आठवड्यात एकच काम द्या, ज्याला द्याल त्याला विचारून, आणि मधेच आठवण करून देऊ नका. पाण्याच्या बाटल्या भरायच्या राहिल्या तर तो शाळेत नळाचं पिईल, दुसऱ्या दिवशी आपणहून भरेल. तो भरायला लागला की मग पुढचं काम द्या.