शाळेतील लहान मुलांना गाणे शिकवू पाहणाऱ्या संगीत-विद्यार्थ्यासाठी

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा किंवा विशारद या संगीत परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याने जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन पहिली ते चौथीच्या मुलांना गाणे शिकवावे, कारण अशा वर्गांना संगीताचा स्वतंत्र शिक्षक सहसा मिळत नाही आणि गाणे परिपाठातील प्रार्थनेपुरतेच उरते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन आठवड्यातून दोनदा अर्धा तास मागावा आणि वर्गशिक्षकांनी त्या वेळी वर्गातच बसावे, अशी विनंतीही त्यातच करावी.

पेटी (हार्मोनियम) विकत घेण्याची घाई नको. मोबाइलवरील तानपुरा आणि एक लहान स्पीकर पुरतो. कोणी जुनी पेटी देऊ केली, तर भाता भरून, एकही पट्टी न दाबता, तो लगेच बसतो का ते पाहावे. बसत असेल तर हवा गळते आहे, हे ओळखून दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्यावा.

सर्वांत जास्त चुका स्वर ठरवताना होतात. महाविद्यालयीन मुलगा स्वतःच्या काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) खर्जाकडे, म्हणजे खालच्या स्वरांत, गाऊ लागला, की मुले एकतर गप्प होतात किंवा ओरडतात. म्हणून पहिल्या दिवशी मुलांना बालभारतीतील एखादी पाठ असलेली कविता कसल्याही साथीशिवाय म्हणू द्यावी, त्यांचा आवाज सहज कुठे स्थिरावतो ते ऐकावे आणि त्यावरून सा ठरवावा, मग तो आपल्या गळ्याला गैरसोयीचा असला तरी चालेल. पहिले काही आठवडे सा ते प एवढ्यातच गावे. पुढे भूप राग घ्यावा. त्यात म आणि नी वर्ज्य असल्यामुळे अगदी जवळजवळचे दोन स्वर लागोपाठ येत नाहीत आणि मुलांचा सूर कमी घसरतो.

तालासाठी सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) त्रितालाऐवजी सहा मात्रांचा दादरा आधी हातावर धरवावा: पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला खाली (टाळी न देता हात बाजूला). त्यानंतर आठ मात्रांचा केरवा. गावात भजनी मंडळ असेल तर पखवाजवादकांना एखाद्या तासाला अवश्य बोलवावे. भजनी ठेकाही आठ मात्रांचाच असल्याने मुलांना तो चटकन ओळखू येतो.

सूर न लागणाऱ्या मुलाला "तू नुसते ओठ हलव" असे कधीही सांगू नये. मला तिसरीत असताना एका स्नेहसंमेलनाच्या तालमीत तसे सांगितले गेले आणि त्यानंतर कितीतरी वर्षे मी चारचौघांत तोंड उघडले नाही. अशा मुलाला आपल्या स्वरावर ओढण्याऐवजी आपणच त्याच्या स्वरावर जावे: त्याला सोयीचा कोणताही 'आ' लांबवू द्यावा, त्यात आपला आवाज मिळवावा, दोन आवाज एक झाल्याचे त्याला जाणवू द्यावे आणि मग एकेक स्वर वर सरकावे. हे चार-पाच मुलांच्या गटात करावे, एकट्याला उभे करून नव्हे. यात महिने जातात आणि ते जाऊ द्यावेत. शाळेने कार्यक्रमाचा आग्रह धरला, तर निवडक मुलांऐवजी संपूर्ण वर्ग गाईल असे सोपे समूहगीत बसवावे.

आपल्या परीक्षा आल्या की तास बंद पडू नये, यासाठीच वर्गशिक्षकांनी आधीपासून वर्गात बसणे गरजेचे असते. त्यांच्याकडे एक वही द्यावी: पहिल्या पानावर मुलांच्या सा ची पट्टी, पुढे आठवड्यागणिक अलंकार (सरावाच्या स्वररचना), दोन कवितांचे स्वरलेखन आणि मागच्या पानावर तानपुरा कसा लावायचा याच्या सूचना.