घराण्यातील कर्करोगाची जनुकीय तपासणी: वंशावळ मांडण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

सांगली, मिरज आणि कराड येथे स्तनाच्या किंवा बीजाशयाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णांना डॉक्टर आता जनुकीय तपासणी सुचवू लागले आहेत. रक्त येथेच काढले जाते, नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे जातो आणि काही आठवड्यांनी अनेक पानांचा इंग्रजी अहवाल हातात पडतो. त्या अहवालाचा उपयोग होणार की नाही, हे मात्र नमुना देण्यापूर्वी घरात बसून केलेल्या कामावर पुष्कळसे अवलंबून असते. ते काम कसे करावे, तपासणी आधी कोणाची करावी आणि अहवालातील कोणत्या ओळीला किती वजन द्यावे, ते पुढे सांगितले आहे.

आधी गरज तपासावी. सर्व कर्करोगांपैकी ढोबळमानाने ५ ते १० टक्केच जन्मतः मिळालेल्या एखाद्या प्रभावी जनुकीय बदलामुळे होतात. बाकीच्यांत पेशींमधील बदल आयुष्यभरात साचत जातात. मिश्री आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग या दुसऱ्या गटातला आहे, आणि एकाच घरातील दोघा-तिघांना तो झाला असेल तर जनुकाच्या आधी तंबाखूच्या डबीकडे पाहावे. आनुवंशिकतेचा संशय घ्यावा तो निराळ्या खुणांवरून. स्तनाचा कर्करोग पन्नाशीच्या आत होणे, दोन्ही स्तनांत होणे किंवा पुरुषाला होणे, बीजाशयाचा नेहमीच्या प्रकारचा कर्करोग कोणत्याही वयात होणे, मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पन्नाशीच्या आत होणे, अथवा एकाच रक्ताच्या शाखेत स्तन, बीजाशय, स्वादुपिंड आणि प्रोस्टेट यांचे कर्करोग पुन्हा पुन्हा दिसणे, यांपैकी काही आढळल्यास तपासणीचा विचार जरूर करावा.

यानंतर वंशावळ मांडावी, आणि या कामाला घाई करू नये. मोठ्या कागदावर किमान तीन पिढ्या घ्याव्यात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, कर्करोग झालेल्या व्यक्तीचे चिन्ह भरलेले, मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरपी रेघ, आणि नात्यातल्या नात्यात लग्न झाले असल्यास त्या जोडप्यामध्ये दुहेरी रेघ, ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. प्रत्येक बाधित व्यक्तीसमोर कर्करोग कोणत्या अवयवात सुरू झाला आणि निदान कोणत्या वयात झाले, हे लिहावे. मृत्यूचे वय घरात सर्वांना ठाऊक असते. पण आनुवंशिकतेचा अंदाज बांधण्यासाठी निदानाचे वय अधिक मोलाचे ठरते.

आपल्याकडे या वंशावळीत सर्वांत मोठी पोकळी राहते ती लग्न होऊन गेलेल्या मुलींची. वंश सांगणारे हेळवी दारी येतात, त्यांच्या चोपड्यांत कित्येक पिढ्यांची नावे असतात, आणि पणजोबांची भावंडे शोधायला त्यांचा उपयोगही होतो. परंतु त्यांची नोंद मुख्यतः पुरुषवंशाने चालते. कर्करोगाच्या वंशावळीला नेमक्या त्यात नसलेल्या आत्या, मावश्या, आत्येबहिणी आणि दोन्ही आज्यांची माहेरे लागतात. स्तनाचा कर्करोग म्हणजे आईकडचा वारसा, ही समजूतही चुकीची आहे. ज्यांतील दोषामुळे स्तनाच्या व बीजाशयाच्या कर्करोगाची जोखीम फार वाढते, त्या दोन जनुकांपैकी बीआरसीए१ हे १७ व्या आणि बीआरसीए२ हे १३ व्या गुणसूत्रावर असते. ही गुणसूत्रे आई आणि वडील दोघांकडून सारखीच येतात, त्यामुळे सदोष प्रत वडिलांच्या आईकडून, स्वतः आजारी न पडलेल्या वडिलांमार्फत, मुलीपर्यंत पोहोचू शकते. वडिलांना बहिणी नसतील तर ही शाखा वरवर अगदी निरोगी दिसते.

दुसरी अडचण आजाराच्या नावाची आहे. जुन्या पिढीत कर्करोग हा शब्द उच्चारला जात नसे, म्हणून प्रश्न लक्षणांवरून विचारावेत. ‘पोटात पाणी होऊन गेली’ या वाक्यामागे बीजाशयाचा कर्करोग असू शकतो, तसाच यकृताचा साधा विकार किंवा क्षयही असू शकतो. ‘काविळीने गेला’ यामागे कधी स्वादुपिंडाची गाठ असते. म्हणून पोट किती महिन्यांत वाढले, पाणी किती वेळा काढले, कोणत्या रुग्णालयात नेले, शस्त्रक्रिया झाली का, हे विचारून घ्यावे. एखाद्या स्त्रीची गर्भपिशवी तरुणपणी काढली असेल तर बीजाशयेही काढली होती का, याची आवर्जून नोंद करावी, कारण बीजाशये लवकर काढलेल्या स्त्रीला कर्करोग झाला नाही यावरून तिच्याकडे सदोष जनुक नव्हते असे म्हणता येत नाही.

कागदपत्रे गावाबाहेरही शोधावी लागतात. खानापूर-आटपाडीकडील गलाई म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायातली कुटुंबे देशभरातील शहरांत विखुरलेली आहेत, आणि माण, खटाव, पाटणकडील पुष्कळ घरांतील माणसे मुंबईत गिरणी किंवा माथाडी कामात गेली. त्यांच्या आजारपणाचे कागद परळच्या टाटा रुग्णालयातील फाईलमध्ये असण्याची शक्यता मोठी असते. जुना बायॉप्सी अहवाल मिळाला तर तो दहा नातेवाइकांच्या आठवणींपेक्षा खात्रीचा समजावा.

आता तपासणी कोणाची करावी. कर्करोग झालेली व्यक्ती हयात असेल तर तपासणी तिच्यापासून सुरू करावी, आणि अशा एकाहून अधिक व्यक्ती असतील तर सर्वांत कमी वयात निदान झालेली व्यक्ती निवडावी. पुष्कळदा याच्या उलट घडते: आईवर उपचार चालू असतात आणि घरचे लोक निरोगी मुलीचा नमुना पाठवतात. मुलीच्या अहवालात काही आढळले नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात. आईकडील बदल मुलीकडे आलाच नाही, किंवा या तपासणीला सापडेल असा बदल मुळात आईकडेही नव्हता; आणि आईची तपासणी झाल्याशिवाय या दोहोंत निवड करता येत नाही. आईमध्ये बदल सापडला, तर मात्र इतर नातेवाइकांना संपूर्ण तपासणीची गरज सहसा उरत नाही. तेवढा एकच बदल शोधणारी, कमी खर्चाची तपासणी पुरते आणि तिचे उत्तर स्पष्ट असते.

नमुना कशाचा आहे, हे अहवालावर नक्की पाहावे. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यातून जन्मतः असलेले बदल दिसतात; शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या मेणाच्या ठोकळ्यातून, ज्याला रुग्णालयात ‘ब्लॉक’ म्हणतात, गाठीत नंतर घडलेले बदलही दिसतात. औषध निवडण्यासाठी गाठीची तपासणी उपयुक्त असते, पण तिच्यात बीआरसीएचा दोष सापडला म्हणून तो मुलांकडे गेला असेल, असे ठरत नाही. त्यासाठी रक्ताची स्वतंत्र तपासणी करावी लागते. रुग्णाला रक्ताचा कर्करोग असेल किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असेल तर रक्त आणि लाळ दोन्ही फसवू शकतात, आणि अशा वेळी त्वचेच्या पेशी वापरतात. आतड्याच्या कर्करोगात लिंच सिंड्रोमचा, म्हणजे आतडे व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची जोखीम वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, संशय असल्यास आधी त्याच ब्लॉकवर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ती तुलनेने स्वस्त आहे आणि पुढे कोणते जनुक पाहावे हे सुचवते.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचाराव्यात: जनुक संपूर्ण वाचले जाणार का, आणि जनुकाचे मोठे तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले असल्यास तेही कळणार का. ठरावीक दोन-चार बदलच पाहणारे घरगुती संच आपल्या उपयोगाचे नाहीत, कारण त्यांतील बदल प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य व पूर्व युरोपातील, ज्यू लोकांतील नोंदींवरून निवडलेले असतात. त्यांपैकी एक बदल भारतीय कुटुंबांतही आढळला आहे हे खरे, परंतु तेवढ्यावर विसंबता येत नाही.

अहवाल आल्यावर पहिल्या पानावरील वर्गीकरण वाचावे. अमेरिकेतील दोन व्यावसायिक संस्थांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक बदल पाच वर्गांपैकी एकात टाकला जातो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित अर्थाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. ‘बहुधा रोगकारक’ म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक खात्री, आणि उपचाराचे निर्णय घेताना पहिले दोन वर्ग सारखेच मानले जातात. खरी गडबड होते ती मधल्या वर्गात, ज्याला डॉक्टर ‘व्हीयूएस’ म्हणतात. कोणत्याही माणसाची जनुकसंहिता संदर्भ म्हणून ठरवलेल्या संहितेशी ताडून पाहिली तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो, आणि त्यांतील बहुतेक फरकांनी काहीही बिघडत नाही. एखादा फरक निरुपद्रवी आहे, हे ठरवण्याचा एक मुख्य मार्ग म्हणजे तो निरोगी लोकांत किती आढळतो ते पाहणे. जागतिक संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती फार आणि आपली थोडी असल्यामुळे, आपल्याकडे सर्रास आढळणारा एखादा साधा फरकसुद्धा त्या संग्रहांत दुर्मिळ दिसतो आणि अनिश्चित म्हणून शिक्का घेऊन येतो. ‘इंडिजेन’ प्रकल्पात १,०२९ भारतीयांच्या आणि ‘जीनोम इंडिया’त सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंहिता वाचल्या गेल्या, त्या याच कारणाने महत्त्वाच्या आहेत.

म्हणून केवळ व्हीयूएसच्या आधारावर स्तन किंवा बीजाशय काढण्याचा निर्णय घेऊ नये आणि त्यासाठी नातेवाइकांचीही तपासणी करत बसू नये; अशा स्त्रीची देखरेख तिच्या कौटुंबिक इतिहासावरून ठरवावी. वर्ग बदललेल्या व्हीयूएसपैकी बहुतेक पुढे निरुपद्रवी ठरतात. वर्षा-दोन वर्षांनी प्रयोगशाळेकडे किंवा समुपदेशकाकडे फेरचौकशी करावी. ‘क्लिनव्हार’ हा जनुकीय बदल आणि त्यांचे वर्ग यांचा ऑनलाइन संग्रह विनामूल्य खुला आहे आणि बदलाचे अहवालातील नाव जसेच्या तसे टाकून तेथे शोधता येते.

येथे आपल्याच भागातील एका निराळ्या संशोधनाचा उल्लेख करायला हवा, कारण त्याच्या बातम्यांतून गैरसमज होतात. कराडच्या कृष्णा विश्व विद्यापीठातून ग्रामीण महाराष्ट्रातील रुग्णांवर जीएसटीएम१, एक्सआरसीसी१ यांसारख्या जनुकांचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्यात एखाद्या बदलाचे प्रमाण किती वेगळे आहे, हे अशा अभ्यासात तपासतात. त्यांतील बदल समाजात मुबलक असतात, जीएसटीएम१ तर कित्येक निरोगी माणसांत मुळातच नसते, आणि एकेका बदलाने जोखमीत पडणारा फरक बहुधा लहान असतो. असे अभ्यास तंबाखूतील विषारी घटकांवर शरीर कशी प्रक्रिया करते हे समजण्यासाठी मोलाचे आहेत. एखाद्या घरातील मुलीचे पुढे काय होणार हे मात्र त्यांवरून सांगता येत नाही, आणि त्यांच्या आधारे ‘कर्करोगाची जोखीम’ विकणाऱ्या संचांवर पैसे घालवू नयेत.

रोगकारक बदल सापडला तर आकडे समजून घ्यावेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या स्त्रीला ८० वर्षे वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि बीजाशयाचा होण्याची ४४ टक्के, तर बीआरसीए२ मध्ये अनुक्रमे ६९ आणि १७ टक्के असते. त्या अभ्यासातील कुटुंबे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील होती, तेव्हा आपल्यासाठी हे आकडे दिशादर्शक मानावेत. स्तनांची एमआरआय तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू करतात, आणि मुले झाल्यावर बीजाशये व बीजनलिका काढण्याचा सल्ला बीआरसीए१ साठी ३५ ते ४० आणि बीआरसीए२ साठी ४० ते ४५ या वयात दिला जातो. हा सल्ला कर्करोग-आनुवंशिकीच्या समुपदेशकाबरोबर बसूनच घ्यावा; टाटा मेमोरियल सेंटरमध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. प्रौढपणी होणाऱ्या या आजारांसाठी १८ वर्षांखालील मुलांची तपासणी करत नाहीत, आणि लग्न जमवण्याआधी मुलीची तपासणी उरकून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांना समुपदेशकासमोर बसवावे, कारण निर्णय तिचा आहे. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झाले असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: पती-पत्नी दोघांकडेही बीआरसीए२ चा दोष असल्यास प्रत्येक गर्भात २५ टक्के शक्यतेने दोन्ही प्रती सदोष येतात आणि बाळाला फॅन्कोनी अॅनिमिया हा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून अशा जोडप्याने, एकाचा अहवाल सदोष आल्यास, दुसऱ्याची तपासणी गर्भधारणेपूर्वी करून घ्यावी.

नातेवाइकांना कळवण्यासाठी एक पानाचे पत्र तयार करावे. त्यात जनुकाचे नाव, बदलाचे अहवालातील पूर्ण नाव, त्याचा वर्ग, प्रयोगशाळेचे नाव, अहवालाचा दिनांक आणि ज्यांच्यात बदल सापडला त्यांच्याशी असलेले नाते लिहावे, मात्र हे सर्व त्या व्यक्तीच्या संमतीने. कोइमतूरला किंवा कोलकात्याला असलेल्या चुलत भावाच्या डॉक्टरांना तेवढ्या एका पानावरून नेमकी तपासणी मागवता येते. त्यासोबत वंशावळीची छायाप्रत जोडावी.