यान्ने आहोनेनची कारकीर्द कशी वाचावी

स्की जंपिंगमध्ये, म्हणजे पायांना स्की बांधून उतरणीवरून घसरत येऊन हवेत लांब झेप घेण्याच्या खेळात, फिनलंडच्या यान्ने आहोनेनने पाच वेळा फोर हिल्स ही चार टेकड्यांवरची स्पर्धा जिंकली, विश्वचषकाच्या मालिकेत ३६ वैयक्तिक विजय मिळवले आणि सात हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेतला; तरीही ऑलिंपिकच्या पदकतालिकेत त्याच्या नावासमोर दोन सांघिक रौप्यपदकांखेरीज काहीही दिसत नाही. अशा खेळाडूवर मराठीत टिपण लिहायचे असेल, किंवा जुन्या उड्यांची चित्रणे समजून घेत पाहायची असतील, तर पदकतालिकेपासून सुरुवात करू नये. स्की जंपिंगच्या नोंदी वाचण्याचा एक क्रम आहे आणि तो पाळला तर या माणसाची खरी उंची ध्यानात येते.

सर्वप्रथम ‘विश्वचषक’ या शब्दाचा अर्थ मनात स्पष्ट करून घ्यावा. क्रिकेटमुळे आपल्याला हा शब्द ठरावीक वर्षांनी होणाऱ्या एका स्पर्धेसाठी वापरण्याची सवय आहे, परंतु स्की जंपिंगमध्ये विश्वचषक म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत गावोगावच्या टेकड्यांवर चालणारी संपूर्ण हंगामाची मालिका. त्यातील प्रत्येक स्पर्धेत विजेत्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० असे उतरत्या क्रमाने तिसाव्या स्थानापर्यंत गुण मिळतात आणि हंगामाअखेर ज्याची बेरीज सर्वाधिक तो विजेता ठरतो. आहोनेनने २००३-०४ आणि २००४-०५ असे सलग दोन हंगाम जिंकले. हंगाम दोन वर्षांत विभागलेला असल्यामुळे वर्ष नेहमी असे जोडूनच लिहावे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ही याहून वेगळी असून ती साधारण दोन वर्षांनी होते. तेथे आहोनेनने १९९७ मध्ये ट्रॉनहाइमला नॉर्मल हिलवर (लहान टेकडी) आणि २००५ मध्ये ओबर्स्टडॉर्फला लार्ज हिलवर (मोठी टेकडी) वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. या दोन प्रकारच्या नोंदी एकाच रकान्यात भरल्या की पुढचे सगळे टिपण बिघडते.

यानंतर गुणांचे गणित समजून घ्यावे. प्रत्येक टेकडीवर एक निश्चित अंतर ठरलेले असते, त्याला के-बिंदू म्हणतात. नॉर्मल आणि लार्ज हिलवर तेथे उतरणाऱ्याला ६० गुण मिळतात. त्यापुढील किंवा अलीकडील प्रत्येक मीटरमागे नॉर्मल हिलवर २ आणि लार्ज हिलवर १.८ गुण वाढतात किंवा घटतात. शिवाय पाच परीक्षक प्रत्येकी २० पैकी शैलीगुण देतात, त्यांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरली जाते. म्हणून केवळ लांब उडी म्हणजे चांगली उडी असे मानू नये. मार्च २००५ मध्ये स्लोव्हेनियातील प्लानित्साच्या स्की फ्लाइंगच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या प्रकारच्या, टेकडीवर आहोनेन २४० मीटरपर्यंत पोहोचला, म्हणजे त्याच दिवशी नॉर्वेच्या ब्योर्न आइनार रोमोरेनने नोंदवलेल्या २३९ मीटरच्या विक्रमाच्याही पुढे. परंतु उतरताना तो पडला आणि पडलेली उडी विक्रम म्हणून धरली जात नाही.

आता फोर हिल्सकडे यावे, आणि येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण आहोनेनचा स्वभाव येथेच कळतो. डिसेंबरच्या अखेरीपासून ६ जानेवारीपर्यंत जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ आणि गार्मिश-पार्टेनकिर्खेन, तसेच ऑस्ट्रियातील इन्सब्रुक आणि बिशोफ्सहोफेन अशा चार ठिकाणी ही स्पर्धा होते. विजेता ठरवताना क्रमांक मोजले जात नाहीत. चारही ठिकाणच्या आठ उड्यांच्या गुणांची थेट बेरीज केली जाते. त्यामुळे एक फसलेली उडी सगळे घालवू शकते आणि न चुकणारा खेळाडू वरचढ ठरतो. १९९८-९९ मध्ये आहोनेनने चारपैकी एकही स्पर्धा न जिंकता एकूण विजेतेपद मिळवले, हे एकच उदाहरण मला त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा अधिक बोलके वाटते. त्यानंतर २००२-०३, २००४-०५, २००५-०६ आणि २००७-०८ ही वर्षे त्याची झाली. त्यांपैकी २००५-०६ चे विजेतेपद चेक प्रजासत्ताकाच्या याकुब यांदाबरोबर विभागून आहे, कारण आठ उड्यांनंतर दोघांचे गुण तंतोतंत समान होते. ‘पाच विजेतेपदे’ असे लिहिताना हा उल्लेख गाळू नये. २००७-०८ मध्ये वाऱ्यामुळे इन्सब्रुकची स्पर्धा होऊ शकली नाही आणि तिच्या बदल्यात बिशोफ्सहोफेनलाच दोन स्पर्धा झाल्या, हेही टिपणात यावे.

ऑलिंपिककडे यानंतरच पाहावे. १९९८ मध्ये नागानोला आणि २०१० मध्ये व्हँकूव्हरला तो नॉर्मल हिलवर चौथा आला. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सांघिक स्पर्धेत जर्मनीचे ९७४.१ आणि फिनलंडचे ९७४.० गुण झाले. हा ०.१ चा फरक आकडा म्हणून वाचून पुढे जाऊ नये, तो उलगडून पाहावा. अंतर अर्ध्या मीटरच्या पटीत मोजले जाते, म्हणजे लार्ज हिलवरील अंतराचा सर्वांत लहान टप्पा ०.९ गुणांचा, परीक्षकाचा सर्वांत लहान टप्पा अर्ध्या गुणाचा. चार खेळाडूंच्या आठ उड्या झाल्यावर उरलेला फरक या दोन्ही मापांहून लहान होता, आणि त्यावर सुवर्णाचे रौप्य झाले. चार वर्षांनी ट्यूरिनमध्ये पुन्हा सांघिक रौप्य मिळाले, तेव्हा ऑस्ट्रिया पुढे होता.

तुलना करण्याचा मोह होतोच, विशेषतः मात्ती न्युकॅनेनशी, ज्याच्या नावावर चार ऑलिंपिक सुवर्णपदके आणि विश्वचषकातील ४६ विजय आहेत. परंतु न्युकॅनेनने आपले मोठे विजय स्की समांतर ठेवून उडण्याच्या काळात मिळवले, तर आहोनेन स्की इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या फाकवण्याची शैली रूढ झाल्यावर, १९९२ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी विश्वचषकात उतरला. वर्षभराने एंगेलबर्गला त्याने पहिला विजय मिळवला. २००९-१० च्या हंगामापासून वाऱ्यासाठी आणि उतरणीच्या प्रारंभस्थानातील बदलासाठी गुण जुळवण्याची पद्धत आली, म्हणून त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या स्पर्धांचे एकूण गुण शेजारी ठेवून मोजू नयेत. कालखंड वेगळे ठेवून, प्रत्येक खेळाडूला त्याच्या समकालीनांशी ताडून पाहणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

शेवटी निवृत्तीची तारीख लिहिताना सावध राहावे, कारण आहोनेनच्या बाबतीत ती एक नाही. २००८ मध्ये तो थांबला, २००९ मध्ये परतला आणि त्याच हंगामात फोर हिल्समध्ये दुसरा आला. २०११ मध्ये तो पुन्हा थांबला, २०१३ मध्ये परतला, २०१४ च्या ऑलिंपिकसाठी सोचीला गेला आणि चाळिसाव्या वर्षी २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये प्याँगचांगच्या टेकडीवरही उभा राहिला. टिपणात ‘निवृत्ती : २०१८’ एवढे लिहून न थांबता आधीची दोन वर्षेही त्याच ओळीत लिहावीत.