व्हूडू कार्डाला पुन्हा जागे करताना

थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९६ साली आणलेली 'व्हूडू ग्राफिक्स' ही चिप केवळ त्रिमितीय चित्रेच रेखाटते. त्यामुळे तिचे कार्ड घेण्याआधी पीसीआय स्लॉट (जादा कार्ड बसवण्याची जुन्या प्रकारची खाच) असलेला पेंटियम संगणक, विंडोज ९८ आणि रोजच्या पडद्यासाठी एक साधे ग्राफिक्स कार्ड जमवून ठेवावे.

जुने कार्ड विकत घेताना त्याची मागची बाजू भिंगाखाली पाहावी, कारण ढिगात एकमेकांवर घासून कडेचे बारीक भाग निखळलेले असू शकतात. धूळ मऊ ब्रशने झाडावी आणि सोनेरी संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात.

खरी गंमत जोडणीत आहे. साध्या कार्डाचे व्हीजीए आउटपुट एका छोट्या केबलने व्हूडूच्या इनपुटला जोडावे आणि मॉनिटर व्हूडूच्या आउटपुटला लावावा. एरवी चित्र व्हूडूमधून तसेच पुढे जाते. ग्लाइड या थ्रीडीएफएक्सच्याच ग्राफिक्स प्रणालीवर चालणारा खेळ सुरू झाला, की व्हूडू पडद्याचा ताबा घेते. ऑर्किड कंपनीच्या 'राइटियस थ्रीडी' कार्डात हा बदल यांत्रिक रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) करतात, आणि त्यांची ती स्पष्ट 'टक्' ऐकण्यासाठी मी हे कार्ड इतर कार्डांपेक्षा अधिक जपतो. मॉनिटर शक्यतो सीआरटीच (जुना, काचेच्या चित्रनळीचा) वापरावा, कारण ६४० बाय ४८० चे चित्र त्यावरच नैसर्गिक दिसते.