ठाण्यात राहून जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह करताना

लष्करातून बाद झालेल्या रायफली आपल्याकडे खुल्या बाजारात विक्रीला येत नाहीत. ज्या ‘थ्री नॉट थ्री’ने अनेकांनी एनसीसीत कवायत केली, ती .303 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) ली-एनफिल्ड रायफल, 7.62 मिमीची इशापूर रायफल आणि पोलिसांसाठी बदल करून घेतलेले .410 मस्केट ही तिन्ही हत्यारे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात; केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय ती सामान्य नागरिकाला बाळगता येत नाहीत. म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून हा छंद जोपासायचा असेल, तर संग्रह कशाचा करायचा हे आधी ठरवावे आणि पैसे नंतर काढावेत.

माझ्या मते दोन वाटा खुल्या आहेत. पहिली ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या बंदुकांची. फेब्रुवारी 2020 मध्ये शस्त्र नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ‘क्युरिओ’ (संग्रहयोग्य जुनी वस्तू) वर्गात बसणारे जुने हत्यार केवळ जवळ ठेवण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही; परंतु ते वापरणे, सोबत बाळगून फिरणे किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे यासाठी मात्र परवाना लागतो. हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बंदूक घरात असणे कायदेशीर असले, तरी ती गाडीच्या डिकीत टाकून गावाहून ठाण्याला आणणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे सौदा होण्यापूर्वी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी अर्ज करावा आणि वस्तू या वर्गात बसते असे लेखी उत्तर हातात आल्यावरच पुढे जावे. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि भिवंडी ठाणे आयुक्तालयाकडे येतात. ऐरोलीपासून पनवेलपर्यंतचा भाग नवी मुंबई आयुक्तालयाकडे. आपला पत्ता कोणत्या हद्दीत आहे हे पाहूनच अर्ज द्यावा.

दुसरी वाट रायफलीसोबतच्या सामानाची: पट्टा, तेलाची पितळी कुपी, नळी साफ करण्याची दोरी, काडतुसांची चामडी पाकिटे, जुन्या प्रशिक्षण पुस्तिका. नवख्याने येथूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण येथे चूक झाली तरी ती शंभर-दोनशे रुपयांची असते. मात्र बोल्ट (काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा दांडा), नळी किंवा खटक्याची यंत्रणा यांना ‘सुटे भाग’ समजून विकत घेऊ नये. शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही बंदुकीच्या व्याख्येत येतात आणि सूट मिळते ती फक्त किरकोळ भागांना. दुकानदार ‘डीपी’, म्हणजे कवायतीसाठी निकामी केलेली रायफल दाखवील. 1959 च्या कायद्यातील कलम 45 ची सूट दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच हत्याराला मिळते. नळीला एक भोक पाडलेले आहे, एवढ्यावर विसंबून राहू नये.

आता खुणा वाचण्याविषयी, कारण या छंदाचे खरे सुख त्यात आहे. ली-एनफिल्डच्या दस्त्याच्या मानेवर, बोल्टच्या मुठीखाली, उजव्या बाजूला एक धातूचे कडे असते. त्यावर मुकुट, ‘जी. आर. आय.’ ही सम्राट जॉर्जची आद्याक्षरे, ‘इशापूर’ आणि वर्ष दिसले, तर ती रायफल कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात ब्रिटिश काळात घडलेली आहे. पुढे मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ‘आर. एफ. आय.’ (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरे आली. सत्तांतर त्या पोलादावर कोरले गेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातील शस्त्रदालन सवडीने पाहावे आणि खुणा शोधण्याची नजर तेथे तयार करावी.

ठासणीच्या बंदुकीवर ईस्ट इंडिया कंपनीची खूण मिळू शकते: मुकुट धरून उभा असलेला सिंह किंवा त्याआधीच्या काळातील, पत्त्यांतल्या बदामाच्या आकारातील अक्षरे. 1853 च्या एनफिल्डच्या नमुन्यावर ‘टॉवर’ हा शब्द आणि ‘व्ही. आर.’ ही राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे असू शकतात. नकलाही भरपूर आहेत. राणीचे निधन 1901 साली झाले; तिची आद्याक्षरे आणि त्यानंतरचे वर्ष एकाच वस्तूवर दिसले, तर ती बनावट आहे. वायव्य सरहद्दीकडे घडलेल्या नकलांवर कधी कधी इंग्रजी ‘एन’ उलटे कोरलेले आढळते.

जुनी ठासणीची बंदूक हाती आली की पहिले काम तपासणीचे. घरातील पोटमाळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेल्या अशा बंदुकीत दारू भरलेली असू शकते. नळीचे तोंड कोणाकडेही न रोखता एक सरळ लाकडी काठी हलक्या हाताने तळापर्यंत सोडावी, तोंडाशी तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि काठी बाहेर काढून ती नळीच्या बाहेरच्या अंगाने धरून पाहावी. काठीचे टोक, बार पेटवणारी टोपी बसवण्याच्या निपलच्या बरेच अलीकडे थांबले, तर आत काहीतरी आहे. ते काढण्याच्या भानगडीत पडू नये. बंदूक जागेवरच ठेवून पोलिसांना कळवावे.

स्वच्छतेचा अतिउत्साह हा संग्रहाचा सर्वांत मोठा शत्रू. मी सुरुवातीच्या काळात एक पितळी तेलकुपी चकाकेपर्यंत पॉलिश केली आणि तिच्या टोपणाशेजारची बारीक खूण जवळजवळ पुसली गेली. ती कुपी आजही माझ्याजवळ आहे आणि तिची खूण वाचण्यासाठी भिंग लावूनही उजेड तिरपा धरावा लागतो. लाकडावर पॉलिशपेपर मुळीच लावू नये, कारण तपासनिसांचे ठसे लाकडातच असतात. मऊ कापडाने धूळ पुसून कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि जास्तीचे तेल लगेच पुसून घ्यावे. लोखंडाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. घामाचा ठसा आठवडाभरात गंजाच्या रूपाने वर येतो.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत ही काळजी दुप्पट करावी लागते. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत लोखंड ठेवू नये, दोन्ही ओल धरून ठेवतात. लोखंडाला तेलाचा पातळ थर द्यावा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक वस्तू बाहेर काढून पाहावी.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणूनही नाही. प्रत्येक वस्तूची पावती, पोलिसांकडील पत्रव्यवहार, खुणांची छायाचित्रे आणि ती कोठून आली याची नोंद एका वहीत ठेवावी, आणि ती वही कोठे आहे हे घरातील दुसऱ्या एका माणसाला तरी सांगून ठेवावे.