सीट आधी खाली घ्या

२०२१ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी पुन्हा सायकल घेतली. मधे सत्तावीस वर्षं गेली होती. दुकानातल्या मुलाने सीट माझ्या उंचीनुसार मोजून लावून दिली. त्याचं माप चुकलं नव्हतं. पण घराजवळच्या पहिल्याच वळणावर समोरून टेम्पो आला, मी ब्रेक दाबला, पाय खाली टाकला आणि तो जमिनीला लागलाच नाही. डावं कोपर सोलवटून निघालं.

पुढचे दहा-बारा दिवस सायकल जिन्याखाली उभी होती. सायकल विसरलो आपण, असंच वाटत होतं. खरं तर तोल शाबूत होता, पायडल मारणंही जमत होतं. थांबणं तेवढं जमत नव्हतं, आणि हे अंगाला एकदा कळल्यावर अंग सीटवर बसायलाच तयार होईना. म्हणून मला कोणी विचारलं की कुठून सुरुवात करू, तर मी सांगते, थांबण्यापासून करा.

सीट इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील. गुडघे लवकर दमतील, लांब जाता येणार नाही. पहिले तीन आठवडे लांब जायचंच नाहीये. माझी भावजय अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच सायकल शिकली. तिच्यासाठी आम्ही दोन्ही पायडल काढून घेतली (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे हे काम सायकलवाल्याकडूनच करून घ्या) आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या हलक्या उतारावर ती पायांनी ढकलत, पाय उचलत फिरली. चौथ्या सकाळी तिचे पाय पाच-सहा सेकंद वर राहायला लागले. मग पायडल परत बसवली.

आता मैदानात खडूने एक रेघ मारा. दहा-पंधरा मीटरवरून या आणि पुढचं चाक रेघेवर थांबवा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तरी आपली सायकल उचलून खात्री करून घ्या. थांबताना अंगाचं वजन पुढे येतं, म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. पण घाबरून तो एकटाच कचकन दाबला तर मागचं चाक उचलतं, आणि नुसता मागचा दाबला तर सायकल घसरत जाते. दोन्ही एकदम, हळूहळू आवळत न्या, आणि बूड थोडं मागे सरकवा. रोज वीस वेळा. थांबल्यावर डावा पाय खाली आणि उजवं पायडल लगेच वर-पुढे आणून ठेवायचं, म्हणजे निघताना पहिलाच दाब भरपूर बसतो. नव्या माणसाची सायकल झुलते ती बहुतेक या पहिल्या दोन मीटरमध्ये. गिअर असतील तर थांबायच्या आधीच हलका करून ठेवा.

मैदानातच आणखी एक गोष्ट करून घ्या. मागे कुणालातरी उभं करा आणि सरळ जाता जाता उजवीकडून मागे बघून त्यांनी किती बोटं वर केलीत ते सांगा. मान वळली की हँडलही वळतं. ते वळेनासं होईपर्यंत रस्त्यावर जाऊ नका. मला आठ दिवस लागले.

रस्त्यावरचा पहिला आठवडा मी फक्त डावी वळणं घेतली. पुण्यातल्या डहाणूकर कॉलनीच्या गल्ल्यांमधून, सकाळी सव्वासहाला, शाळेच्या व्हॅन सुरू व्हायच्या आधी. देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने फिरत राहायचं. समोरून येणारी वाहनं एकदाही ओलांडावी लागत नाहीत. कर्वे रोडच्या सिग्नलला उजवीकडे जायचं असेल तर मी आजही उतरते आणि झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून जाते.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नका. तिथे वाळू असते, गटाराच्या जाळ्या असतात, आणि त्या चुकवायला आपण अचानक उजवीकडे येतो. उभ्या गाडीचं दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवून सरळ रेषेत चला. मागच्या काचेतून ड्रायव्हरच्या जागी डोकं दिसलं, तर दार उघडणार असं धरून चाला.

१९८६ साली सदाशिव पेठेतून टिळक रोडवर कॉलेजला जाताना हे असलं काही मला कुणी शिकवलं नव्हतं. अलका टॉकीजच्या चौकात सायकलीच इतक्या असायच्या की गाड्या आमच्यातून वाट काढायच्या. तो धीर गर्दीचा होता. आता गर्दी नाही, तर निदान एक सोबत शोधा. सोबतीने पुढे न जाता मागे, किंचित उजवीकडे राहायचं. पुढे गेली की आपण तिला गाठायच्या नादात पळायला लागतो.

बारीकसारीक वाटतील अशा काही गोष्टी, पण माणसं यांनीच पडतात. ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कमरेला पक्की गाठ मारा. मोकळं टोक मागच्या चाकात जायला क्षण लागत नाही. सलवारीच्या उजव्या पायाला रबरबँड लावा, चेन त्याच बाजूला आहे. भाजीची पिशवी हँडलला नको, कॅरिअरला बांधा. हवा दर आठवड्याला बघा. किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. हवा कमी असली की सायकल जड जाते आणि वाटतं आपलीच ताकद गेली. पावसात रिमला लागणारे ब्रेक उशिरा धरतात, म्हणून वळणाच्या बरंच आधी ते एकदा हलके दाबून रिम पुसून घ्या. झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ओल असताना वळू नका.

थांबणं अंगवळणी पडलं की सीट वर घ्यायची, एका वेळी एकच सेंटिमीटर. मी दर वेळी सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशची खूण केली. टाच सगळ्यात खालच्या पायडलवर ठेवून पाय सरळ झाला की उंची पुरी झाली. चवडा ठेवल्यावर गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. तिथवर जायला मला चार महिने लागले. माझ्या दांड्यावर सहा खुणा आहेत. उन्हाळ्यात सीट सहाव्या खुणेवर असते, आणि पाऊस सुरू झाला की मी ती चौथीवर आणते.